बिल्डर ड्रोन मागतो आहे. घ्यायचा तर कोणता?

प्रश्न : नाशिकमध्ये राहणाऱ्या एका छायाचित्रकार भगिनीचे पत्र आहे. गेली काही वर्षे त्या लग्ने, साखरपुडे आणि बारशी यांची छायाचित्रे काढतात. अलीकडे दोन बांधकाम व्यावसायिक आणि एक इस्टेट एजंट यांच्याकडून घरांची आणि जागांची कामे येऊ लागली आहेत. सध्या हातात तीन कामे आहेत : पाथर्डी फाट्याजवळ उभी राहत असलेली चौदा मजली इमारत, त्र्यंबकेश्वर रस्त्यालगतचे एनए प्लॉट आणि गंगापूर रोडवरची काही रो-हाउसेस. तिघांचेही मागणे एकच, "ड्रोन शॉट पाहिजेत." साठवलेले आणि पतसंस्थेचे कर्ज मिळून त्यांना दीड लाख रुपये उभे करता येतील. एक दुकानदार बिलाशिवाय डीजेआय कंपनीचा छोटा ड्रोन मिनी ४ प्रो स्वस्तात देऊ करतो. एका मित्राचा आग्रह त्याच कंपनीच्या मोठ्या एअर ३एससाठी आहे. आणि दुबईला असलेले दाजी पुढच्या महिन्यात येताना घेऊन येतो म्हणतात. त्या विचारतात की यांतला कोणता घ्यावा, २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला परवानगी लागत नाही हे खरे का, आणि पैसे कितपत लवकर वसूल होतील.

उत्तर :

तुमचे पत्र वाचताना एक गोष्ट लक्षात आली. तुम्ही सेन्सरचा आकार, बॅटरीची मिनिटे आणि किंमत यांची अगदी नेटकी तुलना केली आहे. मात्र जिथे हा ड्रोन उडवायचा त्या तीन जागांपैकी एकीबद्दलही, वर आकाशात तिथे काय आहे, याची चौकशी केलेली पत्रात दिसत नाही. ड्रोनच्या बाबतीत निवडीची सुरुवात तिथून होते, विशेषतः तुमच्या शहरात. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

२५० ग्रॅमची गोष्ट अर्धी खरी आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये लागू झालेल्या ड्रोन नियमांनी वजनावरून वर्ग पाडले : २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे दोन किलोपर्यंत मायक्रो, आणि मग लहान, मध्यम, मोठे. नॅनो ड्रोन उडवण्यासाठी रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही, त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा सक्तीचा नाही आणि त्या यंत्राला प्रकार प्रमाणपत्रही, म्हणजे ते मॉडेल तपासून मान्य केल्याचा दाखलाही, लागत नाही. मायक्रो वर्गात हौसेने उडवणाऱ्याला पायलट प्रमाणपत्राची सूट आहे, व्यवसायासाठी उडवणाऱ्याला नाही. आणि बिल्डरकडून मोबदला घेऊन काढलेले छायाचित्र हा व्यवसायच आहे. इथवर तुम्ही ऐकलेले बरोबर आहे. मात्र ही सूट यंत्राला आणि चालकाला मिळालेली आहे, आकाशाला नव्हे. सरकारने ड्रोनसाठी केलेल्या नकाशावर आकाशाची लाल, पिवळी आणि हिरवी क्षेत्रे आहेत. त्यातल्या लाल क्षेत्रात २४९ ग्रॅमचे यंत्रही केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय चालत नाही, आणि पिवळ्या क्षेत्रात तिथल्या हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण १२० मीटरपर्यंत, मुभा आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मुभा २०० फुटांवर येते. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आता नाशिकचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला ओझरचा विमानतळ आणि एचएएलचा विमान कारखाना. दुसरीकडे देवळालीची छावणी आणि तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र. गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांना शिकवणारी धावपट्टी, आणि नाशिकरोडला नोटा व मुद्रांक छापणारी दोन मुद्रणालये. इतकी संवेदनशील ठिकाणे एकाच शहराच्या अंगाखांद्यावर असलेली महाराष्ट्रात फार थोडी गावे आहेत. पुण्यात लोहगावचा हवाई दलाचा तळ आणि खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी यांच्यामुळे तिथले छायाचित्रकार याच फेऱ्यातून जातात. पाथर्डी फाटा देवळालीच्या अंगाला येतो. तेव्हा तुमच्या सर्वांत मोठ्या कामाची जागा नकाशावर कोणत्या रंगात येते हे पैसे मोजण्यापूर्वी पाहणे हे तुमचे पहिले काम आहे. नकाशा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर सर्वांना खुला आहे. प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश टाकून पाहावे आणि त्या दिवसाच्या तारखेसह पडद्याचे चित्र जपून ठेवावे, कारण क्षेत्रांचे रंग बदलू शकतात. याखेरीज पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी ठरावीक काळासाठी ड्रोनबंदीचे आदेश काढतात, आणि ते नकाशावर दिसतीलच असे नाही. सिंहस्थ तोंडावर असताना नाशिक आणि त्र्यंबकेश्वर या दोन्ही ठिकाणी असे आदेश वरचेवर निघतील हे गृहीत धरूनच चाला. तुमचे प्लॉटचे काम त्याच रस्त्यावर आहे. स्थानिक पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवून पोच घेणे हा उपाय साधा असला तरी फार उपयोगी पडतो. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्यांनी लोक रात्र-रात्र जागत होते. तेव्हापासून गावाकडे अनोळखी माणसाने ड्रोन उडवला की चार माणसे जमतात, आणि जमणारच.

वजनाबद्दल आणखी एक बारकावा. वर्ग ठरतो तो उडताना असलेल्या एकूण वजनावर. मिनी ४ प्रोचे २४९ ग्रॅम हे त्याच्या साध्या बॅटरीसह आहे. जास्त वेळ उडण्यासाठी मिळणारी 'प्लस' बॅटरी बसवली की तोच ड्रोन मायक्रो वर्गात जातो, आणि दुकानदार 'कॉम्बो' म्हणून बहुधा तीच पुढे करतो. लेन्सवर बसवायचा, प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर, पंख्यांचे संरक्षक, वर चिकटवलेला दिवा, यांचेही ग्रॅम मोजले जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या मिनी ५ प्रोचा एक इंचाचा सेन्सर मोहात पाडणारा आहे खरा. पण त्याचे अधिकृत वजन २४९.९ ग्रॅम आणि त्यात चार ग्रॅम इकडेतिकडे होऊ शकतात असे कंपनीच सांगते. सोनाराच्या काट्यावर तो २५२ भरला तर सवलतीचा सगळा हिशेब तिथेच मोडतो.

आता तुमच्यापुढच्या तीन पर्यायांकडे येतो. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. ती तयार ड्रोनला लागू आहे आणि सुटे भाग जोडून उभे करायच्या संचालाही; अपवाद संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांपुरते आहेत. प्रवाशाच्या सामानातून आणलेला ड्रोन या बंदीतून सुटत नाही. विमानतळावर तो जाहीर करावा लागतो. जाहीर केला तर जप्त होण्याची शक्यता, लपवला तर त्याहून वाईट. दाजींचा हेतू प्रेमाचा आहे, परंतु मुंबईच्या विमानतळावर कस्टम्सच्या टेबलापुढे उभे राहण्याची वेळ त्यांच्यावर येईल, तुमच्यावर नव्हे. त्यांना आजच फोन करून नको म्हणून सांगा.

बिलाशिवायचा मिनी हा त्याच बंदीला वळसा घालून आलेला माल असण्याची शक्यता फार मोठी आहे. नियमांनुसार ड्रोनची नोंदणी होऊन त्याला स्वतंत्र ओळख क्रमांक मिळालेला असावा लागतो. ज्या यंत्राचा आगाच कागदावर नाही, त्याचा पिछा कोठून येणार? दुरुस्तीची अधिकृत सोय नाही, चोरी झाली तर तक्रारीत दाखवायला पावती नाही. शिवाय एक व्यावहारिक अडचण आहे, जी हौशी माणसाला जाणवत नाही. तुमचे ग्राहक कंपन्या आहेत, त्या तुमच्याकडून जीएसटीचे बिल मागतील, उद्या एखादी मोठी कंपनी ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि विमाही मागेल. पन्नास हजारांचे काम त्या एका कागदापायी हातचे जाऊ शकते. तुम्ही कर्ज काढून ही वस्तू घेत आहात, म्हणून हे जरा कठोरपणे लिहितो आहे.

मित्राने सुचवलेला एअर ३एस यंत्र म्हणून तुमच्या कामाला सर्वांत योग्य आहे, हे मान्य केलेच पाहिजे. त्यात २४ मिलिमीटरच्या रुंद कॅमेऱ्याशेजारी ७० मिलिमीटरचा दुसरा कॅमेरा आहे आणि इमारतींसाठी या दुसऱ्याचे मोल फार आहे : रुंद लेन्सने जवळून घेतलेली इमारत वर निमुळती होत गेलेली आणि मागचे डोंगर खुजे झालेले दिसतात, तर दूर राहून ७० मिलिमीटरने घेतलेल्या चित्रात भिंती सरळ राहतात आणि मागचा पांडवलेण्यांचा डोंगर खरोखर डोंगरासारखा दिसतो. परंतु त्याचे वजन ७२४ ग्रॅम आहे. म्हणजे मायक्रो वर्ग, व्यावसायिक वापर, आणि त्यामुळे पायलट प्रमाणपत्र, विमा, नोंदणी व प्रकार प्रमाणपत्र हे सगळेच आले. पहिल्या दोन गोष्टी तुम्ही मिळवू शकता. शेवटची यंत्राच्या निर्मात्याच्या हातात असते, तुमच्या नव्हे. तेव्हा कितीही आवडला तरी आजच्या घडीला हा ड्रोन तुमच्या व्यवसायाच्या कागदांत बसत नाही.

मग घ्यायचा कोणता? माझे उत्तर असे की पहिल्या काही कामांसाठी कोणताच घेऊ नये. प्रमाणपत्रधारक चालक त्याच्या नोंदणीकृत ड्रोनसह दिवसाच्या भाड्याने मिळतो. नाशिकमध्ये लग्नांच्या निमित्ताने तुमची अशा लोकांशी ओळख असेलच. उडवणे त्याचे, चित्र तुमचे : कोन, उंची, वेळ तुम्ही ठरवा, पडदा तुमच्या हातात ठेवा, आणि मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रक्रिया न केलेल्या फाइल, तुम्हाला मिळाल्या पाहिजेत असे आधीच ठरवून घ्या. मात्र त्याचे प्रमाणपत्र, ड्रोनचा क्रमांक आणि विमा यांच्या प्रती मागायला संकोच करू नका; लग्नात उडवणाऱ्या प्रत्येकापाशी ते असतातच असे नाही. अशी पाच-सहा कामे झाली की वर्षाला खरोखर किती वेळा उडवावे लागते हे तुम्हाला कळेल आणि कर्जाचा निर्णय अंदाजावर राहणार नाही. त्यानंतर घ्यायचाच झाला तर भारतीय बनावटीचा, प्रकार प्रमाणपत्र असलेला मायक्रो ड्रोन पाहावा, किंवा पक्के बिल आणि ओळख क्रमांक असलेला नॅनो. सप्टेंबर २०२५ पासून ड्रोनवरचा जीएसटी सरसकट पाच टक्के झाला आहे. जुन्या दराने किंमत सांगणाऱ्या दुकानदाराला तेवढे विचारा. आणि हे क्षेत्र तुम्हाला आवडू लागले आहे असे दिसते, म्हणून पायलट प्रमाणपत्र मात्र जरूर काढा. वय १८ ते ६५ आणि दहावी उत्तीर्ण एवढीच प्राथमिक अट आहे, प्रशिक्षण मान्यताप्राप्त संस्थेत होते आणि प्रमाणपत्र दहा वर्षे चालते. यंत्र दोन वर्षांत जुने होईल. हे होणार नाही.

यंत्र पारखताना 'अठ्ठेचाळीस मेगापिक्सेल' या आकड्याकडे दुर्लक्ष केले तरी चालेल. घरविक्रीच्या पोर्टलवर आणि व्हॉट्सॲपवर जाणाऱ्या चित्राला बारा पुरतात. मोठ्या होर्डिंगचा प्रश्न वेगळा. तुम्हाला हवे ते हे : रॉ फाइल, कमी-जास्त प्रकाशाच्या तीन ते पाच फ्रेम एकामागून एक घेण्याची सोय, आणि उभ्या रील्ससाठी कॅमेरा खरोखर आडव्याचा उभा फिरणे. वाऱ्यापुढे हलका ड्रोन लवकर हार मानतो. मिनी ४ प्रोची मर्यादा सेकंदाला १०.७ मीटर, म्हणजे ताशी साधारण साडेअडतीस किलोमीटर. त्र्यंबक-अंजनेरीच्या उघड्यावर दुपारनंतर हा हिशेब लक्षात ठेवावा.

आता तुमच्या पत्रातल्या दुसऱ्या गृहीतकाकडे वळू. बिल्डर ड्रोन शॉट मागतो म्हणजे त्याला ड्रोनच हवा असतो, असे तुम्ही धरले आहे. त्याने शेजारच्या प्रकल्पाची जाहिरात पाहिलेली असते, एवढेच बरेचदा खरे असते. रो-हाउसचे उदाहरण घ्या. दुमजली घर शंभर मीटरवरून घेतले तर दिसते काय? पाण्याच्या टाक्या, सोलरचे पत्रे आणि शेजाऱ्याच्या गच्चीवरची वाळवणे. अशा घराचे सर्वांत देखणे चित्र सहा ते नऊ मीटर उंचीवरून येते, जिथून फाटक, अंगण, दर्शनी भाग आणि थोडेसे छप्पर एकत्र दिसते. तेवढी उंची लांबणाऱ्या टेलिस्कोपिक पोलवर कॅमेरा चढवून आणि मोबाइलने शटर दाबूनही गाठता येते. त्याला नकाशाचा रंग लागू नाही, परवाना नाही, विमा नाही. खर्च ड्रोनच्या मानाने थोडा. फक्त वीजवाहक तारांपासून पोल लांब ठेवा आणि तो धरायला एक माणूस सोबत घ्या. गंगापूर रोडचे तुमचे काम आजच असे होऊ शकते.

चौदा मजली इमारतीत ड्रोनला खरे काम आहे, पण तेही तुम्हाला सांगितलेल्या कामाहून निराळे. ग्राहकाला बाहेरून इमारत पाहायची असतेच. त्याहून जास्त, आपल्या खिडकीतून काय दिसेल हे पाहायचे असते, आणि ती खिडकी अजून बांधलेली नसते. मजल्याची उंची साधारण तीन मीटर धरली तर पाचवा मजला पंधरा मीटरवर, दहावा तीसवर आणि चौदावा बेचाळीसवर येतो. या प्रत्येक उंचीवर ड्रोन थांबवून चारही दिशांची चित्रे घेतली की विक्री कार्यालयात "पूर्वेचा फ्लॅट, दहावा मजला" म्हटल्याबरोबर ते दृश्य पडद्यावर आणता येते. ही कल्पना बिल्डरपुढे मांडून पाहा. नुसत्या घिरट्या घालणाऱ्या व्हिडिओपेक्षा तिचा मोबदला चांगला मिळेल.

अशा जागेवर उडवताना अपघात नेहमीच्याच कारणांनी होतात. बांधकामाच्या स्लॅबवरून ड्रोन कधी उडवू नये : खालच्या लोखंडी सळयांमुळे होकायंत्र बिघडते आणि ड्रोन वर जाताच भलतीकडे ओढला जातो. खाली मोकळ्या जमिनीवर जाड ताडपत्री पसरून, सिमेंटची धूळ बसल्यावर, तिथून उडवावा. टॉवर क्रेन थांबलेली असेल अशी वेळ साइट इंजिनिअरकडून लेखी घ्यावी, बहुधा जेवणाची सुट्टी. क्रेनची दोरी, केबलची तार, पतंगाचा मांजा हे ड्रोनच्या अडथळा ओळखणाऱ्या सेन्सरला दिसत नाहीत, त्या सेन्सरवर विसंबू नये. आणि घारी. नाशिकच्या आकाशात त्या भरपूर आहेत. घार घिरट्या घालू लागली की खाली पळ काढण्याऐवजी ड्रोन सरळ वर न्यावा, कारण तिचा झेप घेण्याचा जोर वरून खाली असतो, आणि ती दूर गेली की मग उतरवावा.

प्लॉटच्या कामात ड्रोनला पर्याय नाही, कारण जमिनीवरून काढलेल्या प्लॉटच्या चित्रात गवताखेरीज काही दिसत नाही. फक्त एक सावधगिरी. एजंट तुम्हाला चित्रावर पिवळ्या रेघांनी हद्द आखून द्यायला सांगेल. त्या रेघा मोजणीच्या खुणांवरून, जागेवर चुना टाकून आणि तो चित्रात दिसेल अशा रीतीने आखा, आणि खाली "हद्द केवळ निदर्शक" असे लिहा. तुमचे छायाचित्र ही मोजणी नव्हे. पण दहा वर्षांनी बांधावरून वाद झाला की ते कोणीतरी पुढे करणारच.

हेच चित्रातल्या दुरुस्तीबद्दल. आकाश निळे करणे, रस्त्यावरचा कचरा पुसणे इथवर ठीक. मागचा उच्चदाबाचा मनोरा, नाला किंवा शेजारची स्मशानभूमी पुसून द्या असे सांगितले तर नाही म्हणा. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून ज्याने पैसे भरले त्याला प्रवर्तकाकडून, म्हणजे बिल्डरकडून, भरपाई मागता येते, आणि बिल्डर अडचणीत आला की बोट प्रथम छायाचित्रकाराकडे दाखवतो. शेजारच्या घरांच्या खिडक्या आणि गच्च्या चित्रात येत असतील तर तेवढा भाग धूसर करावा. हे कोणी सांगण्याची वाट पाहू नये.

पैसे कधी वसूल होतील, या प्रश्नाला हिशेबात धरलेला एक आकडा नेहमी चुकीचा असतो : वर्षाचे महिने. या ड्रोनना पावसापासून संरक्षण नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबर कामे जवळपास बंद, आणि पतसंस्थेचा हप्ता मात्र बाराही महिने. दुसरीकडे घरांच्या विक्रीत ग्राहक सर्वांत जास्त वेळ पाहतो ती चित्रे हॉलची, स्वयंपाकघराची आणि बाथरूमची असतात, आणि ती कामे पावसातही चालतात. तुमच्याकडच्या लग्नांच्या लेन्सने दहा बाय दहाची खोली कोंदट दिसते. चांगली रुंद लेन्स, पातळी दाखवणारा भक्कम ट्रायपॉड आणि पोल हे दीड लाखाच्या बऱ्याच आत बसते. कर्ज कदाचित काढावेच लागणार नाही.

येत्या आठवड्यात पाथर्डी फाट्याच्या कामाचे कोटेशन द्याल, त्यात ड्रोनची रक्कम जमिनीवरच्या कामापासून वेगळी लिहा. तिच्यासमोर तीन वाक्ये असू द्यात : उड्डाण नियमांनुसार मुभा असेल तरच होईल, परवानगीला लागणारा वेळ कामाच्या मुदतीत धरलेला नाही, वारा, पाऊस किंवा पोलीस आदेश यांमुळे उड्डाण रद्द झाल्यास पुढची तारीख दिली जाईल आणि चालकाच्या एका दिवसाचे भाडे ग्राहकाला द्यावे लागेल. खाली प्रकल्पाचा महारेरा (रेरा कायद्याखालचा राज्यातला नोंदणी) क्रमांक आणि जागेचे अक्षांश-रेखांश लिहून त्यावर बिल्डरची सही घ्या.